अर्धविराम आणि भाकर

परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी केकला ‘भाकर’ म्हटलं आणि तुम्ही दोघं खो-खो हसलात. आजोबाही हसले, म्हणून मला वाईट वाटलं नाही. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हा शब्द त्यांच्याकडे कुठून आला ते तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. तुमच्या बाबांनाही अर्धंच ठाऊक आहे. म्हणून नीट, क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा जालन्याच्या बस स्थानकावर नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगायचं काम त्यांचं. अंबड, अंकुशनगर, कुंभार पिंपळगाव ही रोजचीच नावं, पण ते अशी म्हणत की ज्यांना जायचं नाही तेही ऐकत उभे राहत. निवृत्तीनंतरसुद्धा भाजीबाजारात पाठमोरे असताना लोक त्यांना आवाजावरून ओळखत. रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा तो त्यांनीच. घरात इंग्रजीची शिक्षिका मी, पण बोलण्याचा मक्ता त्यांचा. मला ते माझ्या विद्यार्थ्यांसारखी ‘बाई’ म्हणून हाक मारत, तीही अंगणातून, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशी.

तुम्ही सुट्टी संपवून परत गेलात, त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. संभाजीनगरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, त्यांना बाहेर यायची वाट सापडत नाही. किती सापडेल, ते सांगता येत नाही.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. पुठ्ठ्याची चित्रं कापली, खाली ठळक अक्षरात नावं लिहिली, भिंतीवर वेळापत्रक लावलं. नऊ ते साडेनऊ वस्तू, साडेनऊ ते दहा माणसं. “म्हणा, पाणी,” मी म्हणायची. ते “ता, ता” म्हणायचे. “ता नव्हे. पा.” असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी त्यांनी डाव्या हाताने सगळी चित्रं जमिनीवर लोटली आणि भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मी चित्रं गोळा केली, क्रमाने लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मी त्यांना नापास झालेल्या मुलासारखं वागवत होते, हे मला कळत होतं. पण थांबायची भीती वाटत होती. हा माणूस मला पुन्हा कधी हाक मारणारच नाही, ही ती भीती.

लोकांना मी काही सांगितलं नव्हतं. फोन आला की “बरे आहेत, विश्रांती सांगितली आहे,” एवढंच. ज्यांचा आवाज सगळ्या गावाने ऐकला, त्यांचं “ता, ता” कुणी ऐकू नये असं मला वाटे. दार मी लोटलेलं ठेवी.

आमच्या चर्चमध्ये दाराशी एक पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी टाकायची. महिला मंडळ त्या चिठ्ठ्या वाचून प्रार्थना करतं. आजोबांच्या झटक्यापर्यंत कित्येक वर्षं त्या पेटीचं काम माझ्याकडे होतं. आजारपण, परीक्षा, नोकरी, लग्न असे गठ्ठे करून, शुद्धलेखन तपासून मी पाळकांना यादी द्यायची. त्या शनिवारी चर्च रिकामं असताना मी गेले आणि पहिल्यांदा स्वतःची चिठ्ठी टाकली. ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिली. ‘एका बंधूसाठी; त्याची वाचा परत यावी.’ नाव घातलं नाही.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. उघडते तर मंडळाच्या सहा जणी, पुढे त्यांची प्रमुख. ती दवाखान्यातली निवृत्त नर्स, सगळे तिला अक्का म्हणतात.

“सलाम बाई,” अक्का चर्चच्या रिवाजाने म्हणाली. “सरका, आत येऊ द्या.”

“अक्का, ते झोपलेत.”

“झोपू द्या. आम्ही काय ढोल घेऊन आलो का?” तिने पर्समधून माझी चिठ्ठी काढली. “ही कोणाची?”

“मला काय माहीत?”

“न्हाई माहीत? बाई, चिठ्ठीत अर्धविराम कोण टाकतं तुमच्याबिगर? आम्ही पूर्णविराम बी टाकत न्हाई.”

मागच्या पाच जणी तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी रडले. अक्काने मला जवळ घेतलं नाही की समजावलं नाही. ती सरळ आत गेली, आजोबांना उठवून खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. “तुमची गाडी कोणत्या फलाटाला लागली म्हनायची?” असं त्यांना विचारलं. ते तिच्याकडे बघत राहिले. तोंड फिरवलं नाही.

इतक्यात चपला बघून शेजारची आपा भाकरी करता करता तशीच आली. तिचं घर भिंतीला भिंत लागून, चाळीस वर्षांची शेजारीण. आमची प्रार्थना तिला येत नाही, पण कुणाकडे चार माणसं जमली की ती उंबऱ्याशी येऊन बसतेच.

अक्काने छोटी प्रार्थना केली. मग सगळ्यांनी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू केली, लहानपणापासून पाठ असलेली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे होते, आजोबा खुर्चीतून घसरतील म्हणून. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. आधी नुसतेच हलले. मग ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही ओळ आली आणि त्यांच्या तोंडून स्पष्ट, भरदार शब्द आला: “भाकर.”

माझी प्रार्थना तिथेच तुटली. बाकीच्यांनी मात्र थांबायचं नाही म्हणून पुढे चालू ठेवली. आमेन झालं, डोळे उघडले, आणि बघतो तर आपा ताटलीत वाफाळती ज्वारीची भाकर घेऊन दारात उभी.

“भाईजानने भाकर मांगली ना?” ती आमच्यावरच चिडली. “मंग डोळे मिटून काय बसल्या सगळ्या? बिचारा किती दिवसांचा उपाशी!”

“आपा, ती प्रार्थनेतली भाकर,” अक्का म्हणाली.

“प्रार्थनेतली येईल तवा येईल. ही तव्यावरची हाय, जल्दी घ्या.”

अक्का इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. आजोबांचं अर्धं तोंड हसलं, झटक्यानंतर पहिल्यांदा. आपाने भाकर दुधात बारीक कुस्करली, अक्काने तपासून मान हलवली, आणि मी त्यांना चमच्याने भरवली.

भिंतीवरचं वेळापत्रक मी त्या संध्याकाळी काढलं. त्या बायका दर गुरुवारी येत राहिल्या. कुणी आजोबांचा हात चोळून देई, कुणी मला दोन तास झोपायला पाठवी. मी निमूट झोपायला शिकले. चित्रांनी जे जमलं नव्हतं, ते सगळ्यांबरोबर म्हणताना जमत गेलं. प्रार्थनेतले शब्द एकेक करून परत आले. आजोबांनी ते कामाला लावले. भाकर म्हणजे खायचं काहीही. छताचा पंखा म्हणजे स्वर्ग. पाणी सांडलं की क्षमा.

‘बाई’ मात्र आला नाही. तो शब्द त्या प्रार्थनेत नाहीच. मी रोज वाट बघायची, कुणाला दाखवायची नाही.

मग एकदा तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, “या कोण?”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ ओठ जुळवत राहिले. “आ… आमची.”

“आमची कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“आमची,” ते पुन्हा म्हणाले, जरा रागावून.

अपुरं वाक्य मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही. त्या दिवशी घेतलं. तोही शब्द त्यांनी भाकरीच्याच ओळीतून उचलला होता.

आता अंगणातून हीच हाक येते, “आमचीऽऽ!” शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशी. पुढच्या वेळी फोनवर ते तुम्हा दोघांनाही ‘आमची’ म्हणतील. मुलगी-मुलगा असा फरक त्यांना आता जमत नाही. तुम्ही फक्त ‘ओ’ द्या.