आईच्या मतदानाला मी हजर होतो

आमच्या सोसायटीत कुणाचंही सरकारी काम अडलं की त्याला माझ्याकडे पाठवतात. गटार तुंबलं, फुटपाथ खणून तसाच सोडला, मालमत्ता कराच्या बिलावर भलतंच नाव आलं, की मी अर्ज लिहून देतो. कंपनीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर माझ्या वयाचे लोक मुलुंडच्या बागांमध्ये हास्यक्लबात जातात, मी वॉर्ड ऑफिसात जातो. माहितीच्या अधिकारात कुठली फाइल मागायची, ती दिली नाही तर अपील कुणाकडे करायचं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. मला आत येताना बघून टेबलावरचे लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात. आपल्याला मान आहे, असं मी समजत होतो.

गेल्या विधानसभेच्या निवडणुकीला आईला घरून मत देता येणार होतं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आता ती सोय आहे. सरकारी माणसं मतपत्रिका आणि पेटी घेऊन घरी येतात. फक्त त्यासाठी आधी एक अर्ज भरावा लागतो आणि तो घरी आणून द्यायचं काम बीएलओचं, म्हणजे आपल्या भागाची मतदारयादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचं. आमच्या बीएलओ म्हणजे जवळच्याच एका शाळेतल्या शिक्षिका. मुदत संपत आली तरी बाई फिरकल्या नाहीत, तेव्हा मी सरळ निवडणूक कार्यालयाला मेल टाकला. वर एक प्रत, त्याच्याही वर एक प्रत. ‘कर्तव्यात कसूर’ हे शब्द मी ठळक केले होते.

दुसऱ्याच दिवशी बाई दारात. शाळेतून थेट आल्या असाव्यात, बोटांना खडू होता.

“सर, मी येऊन गेले होते,” त्या म्हणाल्या. “बेल वाजवली, दोनदा आले. आजींना ऐकू गेलं नसेल.”

आईला खरंच ऐकू येत नाही. कानाचं यंत्र तिने डब्यात घालून ठेवलंय, त्यात म्हणे शिट्या वाजतात. आणि घरात आम्ही दोघंच. मी सकाळी बाहेर पडलो की बेल तिच्यापर्यंत पोचत नाही, हे मला माहीत होतं.

“मग दाराला चिठ्ठी लावून जायचं,” मी म्हणालो.

बाईंनी अर्ज भरून घेतला, आईची सही घेतली आणि जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, “मला कारणे दाखवा नोटीस आलीये, सर.”

“उत्तर द्या ना मग. खरं असेल ते लिहा.”

संध्याकाळी गेटवर ही हकीकत मी रंगवून सांगितली. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, “काका, झकास केलंत. असंच पाहिजे यांना.” मी खूश होऊन वर आलो. आज ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आता आमच्या घरातल्या मतदानाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वडील गिरणीत होते. मतदानाच्या आदल्या दिवशी जेवणं झाली की ते आईला निशाणी सांगायचे आणि आई मान डोलवायची. घरात मत एकच, ते फक्त दोन ठिकाणी पडायचं. वडील गेल्यावर निशाणी सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, जसं गॅसचं बुकिंग आलं. पुढे मोतीबिंदूने आईला दिसेनासं झालं, तेव्हा मी सोबती म्हणून केंद्रात तिच्याबरोबर आत गेलो आणि बटणही मीच दाबलं. मतदाराचं मत गुप्त ठेवीन, अशी लेखी हमी सोबत्याकडून घेतात. ती देऊन मी बाहेर आलो आणि गेटवर सगळ्यांना सांगितलं, आमची दोन पडली. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आईला कुणाला मत द्यायचंय हा प्रश्न कधी माझ्या डोक्यातच आला नाही.

ठरलेल्या दिवशी आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. निळी साडी, वेणी घट्ट घातलेली, तोंडावर पावडर. मला हसू आलं. “आई, मुलगी बघायला नाही येत कुणी,” मी मोठ्याने म्हणालो. ती म्हणाली, “सरकार येता घराक.”

सरकार आलं ते पाच जणांचं. एक अधिकारी बाई, पन्नाशीच्या पुढच्या, घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला. त्यांचा एक सहकारी पेटी घेऊन, एक जण नोंदी करणारा, एक व्हिडिओवाला आणि एक हवालदार. सकाळपासून कितीतरी घरं झाली असावीत, कारण बाईंनी आत येताच भिंतीला हात टेकला. मी त्यांना बसा म्हणालो नाही. आधी ओळखपत्रं मागितली. प्रत्येकाचं पाहिलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला.

बाई म्हणाल्या, “सर, तुमच्याबद्दल ऑफिसात सांगून ठेवलंय आम्हाला.”

मला तेव्हा बरंच वाटलं. मी व्हिडिओवाल्याला म्हणालो, “कॅमेरा आत्तापासून चालू करा. मध्ये कुठे बंद करायचा नाही. मला पूर्ण रेकॉर्डिंग पाहिजे.”

त्या मुलाने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “खूण करतानाचं सोडून बाकी सगळं घेतो, सर. तसा नियमच आहे.” कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका लागला.

जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी आणि आईच्या गोळ्या बाजूला सारून त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईला खुर्ची दिली. बाई तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाल्या, “आजी, एकाच नावापुढे खूण करायची. कुणाला दाखवायची नाही.” आईने मान डोलवली. मी आईच्या खुर्चीमागे उभा होतो, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर.

बाई माझ्याकडे वळल्या. “सर, आजींना मदत लागणार असेल तर तसं लिहून घ्यावं लागेल. नाहीतर तुम्ही जरा...”

एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं वाक्य काय होतं ते शाळकरी पोराला कळलं असतं. मलाही कळलं.

“लागेल की. दरवेळी मीच असतो,” मी म्हणालो.

मदत हवी का, हे त्यांनी आईला विचारायला हवं होतं. कुणाची हवी, तेही आईनेच सांगायचं. हा नियम मला ठाऊक होता आणि त्यांना तर होताच. दुसऱ्या कुठल्या घरात त्यांनी तो धाडकन तोंडावर मारला असता. इथे त्यांनी नुसतं “बरं, सर” म्हटलं आणि नोंदी करणाऱ्याला कागद काढायला खूण केली. आईला विचारायचं राहूनच गेलं.

मतपत्रिका आईच्या पुढ्यात आली. मी वाकून म्हणालो, “आई, वरून तिसरं.”

“काय?”

“वरून तिसरं!”

“काय म्हणतंस?”

“तिसरं नाव! वरून!” मी ओरडलो. बहिऱ्या माणसाच्या कानात गुपित सांगता येत नाही. खोलीतल्या प्रत्येकाने ते ऐकलं. पेटीवाला आपल्या पायांतल्या मोज्यांकडे बघत राहिला. हवालदाराने पंख्याकडे पाहिलं. व्हिडिओवाल्याने कॅमेरा खाली करावा की धरून ठेवावा या विचारात तो तसाच धरून ठेवला, आणि लाल ठिपका माझ्याकडे बघत होता. बाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, कुणी हरकत घेत नाही म्हणजे मी बरोबर आहे. मी हात लांब करून कागदावर बोट ठेवलं.

आईने माझं मनगट धरलं आणि हात उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. ताटातली माशी हाकलावी इतक्या सहज.

“तुझ्या बापसान सांगल्यान तां केलंय,” ती म्हणाली. “तू सांगलंस तां केलंय. आता माझा माका करूक दी. तू भायर जा.”

“आई, तुला दिसणार नाही.”

“माका सगळा दिसता.”

आणि खरंच दिसत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटून गेलं होतं. मीच नेलं होतं तिला. रोज सकाळी ती माझ्याआधी पेपर घेऊन बसते आणि मी ‘जरा दे गं’ म्हणून तो तिच्या हातातून ओढतो. तरीही तिला दिसत नाही, हे माझ्या डोक्यात तसंच राहिलं होतं, कारण ते मला सोयीचं होतं.

मी बाहेर गेलो. माझ्याच घराच्या दाराबाहेर, पाच जणांच्या चपलाबुटांच्या ढिगात उभा राहिलो. बाई दार लोटून घेताना म्हणाल्या, “पाचच मिनिटं, सर. राग मानू नका.”

दाराआडून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. तो वेगळाच आवाज होता. मोकळा, घरगुती. “आजी, घाई नाही हां. सगळी नावं वाचा. पाहिजे तर दोनदा वाचा.” मग आई काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. हवालदारसुद्धा. मी आत असताना त्या खोलीत कुणी धड श्वासही घेत नव्हतं. त्यांच्या गप्प बसण्यात मान नव्हता, माझी दहशत होती. या माणसाला अडवलं तर उद्या मेल जाईल, वर एक प्रत, त्याच्याही वर एक प्रत. त्या शिक्षिकेचं काय झालं ते त्यांना ठाऊक असणार. सरकारी माणसाने कायद्याप्रमाणे वागावं म्हणून मी एवढी वर्षं कागद रंगवले, आणि माझ्या घरात कायद्याने वागायची त्या बाईंची हिंमत झाली नाही ती माझ्याच कागदांमुळे. मला इतकी लाज वाटली की समोरच्या फ्लॅटचं दार वाजलं तेव्हा मी जिन्याकडे तोंड करून फोन बघायचं नाटक केलं.

आणि ते रेकॉर्डिंग. ते मीच मागून घेतलं होतं, पूर्ण, कुठेही बंद न करता. ते मिळवायला अर्ज कुठे करायचा हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या मुलाने आईच्या मतपत्रिकेवर असं बोट ठेवलं असतं, तर तो अर्ज मी त्याच रात्री लिहिला असता. आणि आता मी मनातल्या मनात म्हणत होतो की ते कुणी कधी मागू नये, हरवावं, पुसलं जावं. ज्या उत्तरावरून मी ऑफिसाऑफिसांतून भांडलोय, ‘सदर अभिलेख उपलब्ध नाही’, नेमकं तेच मला हवं होतं.

त्यांनी मला आत बोलावलं तेव्हा पाकीट बंद होऊन पेटीत पडलं होतं. आई पाणी पीत होती. आडोशाची घडी होत होती. नोंदी करणाऱ्याने सोबत्याचा कागद न भरता परत फाइलमध्ये ठेवला.

बाई दारात सँडलचा पट्टा लावायला वाकल्या होत्या. उठल्या आणि त्यांनी मला हात जोडले.

“सर, आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. तुम्हाला बाहेर उभं केलं, पण आजीच म्हणाल्या. लेखी नका देऊ, प्लीज. माझी रिटायरमेंट आलीये.”

चूक माझी होती. माफी मी मागायला हवी होती, त्यांची आणि त्या शिक्षिकेची. वाक्य तयार होतं. पण एवढे अर्ज लिहिणाऱ्या माणसाला ते बोलता येईना. मी म्हणालो, “नाही नाही. पाणी घेता का?” त्या म्हणाल्या, “नको, सर, अजून घरं आहेत.” आणि सगळे लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. आमची लिफ्ट लवकर येत नाही.

मी दार लावणार, तेवढ्यात आतून आई म्हणाली, “चांगला होता रे चेडू. ता तुका इतक्या कित्याक भियाला?”

ती बाई तुला एवढी का घाबरली, असं विचारत होती. मी दाराशीच उभा राहून हळू म्हणालो, “मी तक्रारी करतो म्हणून.”

“काय?”

“मी तक्रारी करतो, आई.”

“काय सांगतंस? मोठ्यान बोल.”

लिफ्टपाशी पाच माणसं पाठमोरी उभी होती. दार लावून घ्यायला हात पुढे झाला होता, तो मी मागे घेतला.

“माझी चूक होती, आई!” मी ओरडलो. “माझी चूक होती, आणि मलाच घाबरल्या त्या!”

बाईंनी मागे वळून पाहिलं. लिफ्ट अजून आली नव्हती.