उपाशी भिंत

मराकेशच्या आमच्या गल्लीत जिलालीइतका तिरसट गवंडी दुसरा झाला नाही. पण हात? चुन्याचा गिलावा नदीतल्या गोट्याने घोटायचा, वर काळा साबण चोळायचा, की भिंतीत तोंड बघून घ्यावं! म्हणून सगळे त्याला मआलेम म्हणत, म्हणजे उस्ताद. चाळीस वर्षं त्याने बड्या लोकांची न्हाणीघरं चकचकीत केली. त्याच्या ओल्या भिंतीजवळ कुणी नुसतं शिंकलं तरी तो अंगावर धावून जायचा.

एकुलत्या एका लेकीचं, इझ्झाचं, लग्न ठरलं तेव्हा त्याने शब्द दिला, "तुझी नवरीची आंघोळ गावाच्या हमामात नाही, आपल्या घरात. माझ्या हातच्या भिंतींमध्ये."

न्हाणीघराच्या भिंती झाल्या. शेजारची बातूल डोकावली आणि म्हणाली, "काय चकाकतंय गं बाई!" बस्स, एवढंच. 'तबारकल्ला' म्हणायला विसरली. देवाचं नाव न घेता केलेलं कौतुक! दृष्ट लागू नये म्हणून जिलालीने खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराला दोन घोंगड्या ठोकल्या आणि तीन आठवडे वाऱ्यालाही आत सोडलं नाही.

आंघोळीला दहा दिवस उरले तेव्हा त्याने घोंगड्या काढून भिंतीला नख लावलं. ओरखडा उठला! चुना अजून मऊच. यावर पाणी ओतलं असतं तर सगळं लगद्यासारखं ओघळलं असतं. म्हाताऱ्याने लेकीला हाक मारली.

इझ्झा रसायनशास्त्र शिकलेली. तिने भिंत पाहिली आणि ती पोट धरून हसायला लागली.

"बा, तू हिला उपाशी मारलंस! चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन दगड होतो. आपण सोडतो त्या श्वासातही तोच असतो. तू दारं लावलीस, आता ही खाणार काय, तुझं डोकं?"

"मग आत शेगडी पेटवू?"

"आणि कोळशाच्या धुराने सगळ्यांना कायमचं झोपवू? खिडकी उघड. माणसं बोलाव. गायला लाव त्यांना."

जिलालीने पहिलं दार बातूलचंच वाजवलं. "ये बाई. माझ्या भिंतीसमोर ओरड."

"मआलेम, ऊन लागलं का तुम्हाला?"

पण दुपारी सतरा बायका ढोलक्या घेऊन त्या एवढ्याशा खोलीत घुसल्या. चहाच्या किटल्या वाफाळत होत्या, ललकाऱ्यांनी कान किटत होते. बातूल तर मागची कसर भरून काढत दर ओळीला दहादा 'तबारकल्ला' म्हणत होती. आणि आमचा तिरसट जिलाली दारात नाचत ओरडत होता, "मोठ्याने! मागची भिंत उपाशी आहे! बातूल, तोंड इकडे कर!" रोज दुपारी हाच धिंगाणा. मी जन्मात इतकी हसले नाही.

नवव्या दिवशी सगळीकडे नख घसरलं. फक्त तळाचा एक कोपरा मऊ होता, आणि बायका दमून घरी गेलेल्या. जिलाली जमिनीवर पालथा पडला आणि कोपऱ्याला तोंड लावून गायला लागला. जन्मात पहिल्यांदा. गाणं लेकीच्या पाठवणीचं. दुसऱ्याच ओळीला आवाज फुटला. इझ्झा शेजारी पालथी पडली आणि तिने पुढची ओळ उचलली. संध्याकाळची बांग होईपर्यंत दोघं त्या कोपऱ्याला गाणं भरवत होती.

सकाळी नख घसरलं. नवरीच्या आंघोळीला घंगाळं रिकामी झाली, आणि भिंतीचा एक कण सुटला नाही.

ओल्या केसांनी इझ्झा बाहेर आली. "बा, आठवण आली की त्या कोपऱ्याला हात लाव. माझा श्वास आता तिथून निघायचा नाही."

ती अगादीरला नांदायला गेली. जिलाली आता ओल्या भिंतीजवळ कुणालाही गप्प बसू देत नाही. आणि घरी रोज सकाळी तो कोपऱ्याला हात लावून इतकं बेसूर गातो, की बातूल पलीकडून ओरडते, "मआलेम, पोट भरलं हो तिचं!"