गाठीसकट सोडलेलं निर्माल्य

"पानी नहीं फेंक रही," करीमचाचा हळूच म्हणाले, जणू इंजिनालाच ऐकवत होते. लाँचच्या मागच्या कडेवरून ते खाली वाकून पाहत होते. मी जवळ बसले होते म्हणून मला ऐकू आलं. हे इंजिन तलावाचंच पाणी खालून ओढून घेतं, त्यानं स्वतःला थंड करतं आणि मग ते पाणी धुराबरोबर मागच्या नळीतून बाहेर फेकतं. एवढं मला माहीत होतं, कारण इंजिनाचं इंग्रजी पुस्तक माझ्याच मांडीवर होतं. आता त्या नळीतून पाणी येत नव्हतं. नुसता कोरडा धूर येत होता आणि जळक्या रबराचा वास सुटला होता.

मध्यभारत हे नवं राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. ग्वाल्हेर आणि इंदूर एका सरकारात आली होती आणि जुन्या संस्थानी नोकरांपैकी कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे ठरवायला इंदूरकडचे एक साहेब तिघऱ्याच्या तलावावर आले होते. माझे बाबा पाणीखात्यात होते आणि ही लाँच त्यांच्या ताब्यात होती. आमच्या संस्थानाचं कामकाज हिंदीत चालायचं, त्यामुळे बाबांचं इंग्रजी बेताचं. साहेबांनी पुस्तकातलं काही विचारलं तर वाचून दाखवायला त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. करीमचाचा वीस वर्षं लाँच चालवत होते, पण त्यांच्याकडे कसलंही सर्टिफिकेट नव्हतं. बाबा सकाळी निघताना म्हणाले होते, "माझं कसंही निभेल. करीमचं मात्र आजच्या फेरीवर आहे."

दसरा आदल्याच दिवशी झाला होता. घट हलवल्यावर नऊ दिवसांच्या झेंडूच्या माळा, घटातली माती, उगवलेले गव्हाचे कोंब, सगळं आत्यानं लाल कापडात बांधून माझ्याकडे दिलं होतं. सुवर्णरेखा नदीत पाणी नावालाच, म्हणून तलावात सोडायचं. तिनं दोनदा बजावलं, "गाठ सोड, हात जोड, मग अलगद सोड पाण्यात. गाठीसकट टाकू नकोस गं, पाप लागतं." मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पापाचं मला काही वाटलं नाही. पण साहेब समोर बसलेले. लाँचच्या नाकाला खंडेनवमीची माळ अजून होती, इंजिनावर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि ती बघून ते चढतानाच म्हणाले होते, "वा. ग्वाल्हेरचं खातं देवाच्या भरवशावर चालतं वाटतं." बाबा कसनुसं हसले होते. त्या माणसासमोर हात जोडून उभं राहायची मला लाज वाटली. तलावाच्या मध्यावर लाँच जरा थांबली आणि साहेब धरणाची भिंत पाहायला वळले, तेव्हा मी ते गाठोडं तसंच, गाठीसकट, कडेवरून सोडून दिलं. मातीमुळे जड होतं. ते लाँचच्या पोटाखाली गेलं. मी हात पुसले.

त्यानंतर पाच मिनिटांत नळी कोरडी झाली. करीमचाचांनी लगेच इंजिन बंद केलं. धुराच्या लोखंडी पाइपावरचा रंग फुगून सुटायला लागला होता. साहेब उठले. "बघताय काय? बादलीभर पाणी ओता त्याच्यावर," असं म्हणून त्यांनी स्वतःच बादली उचलली. करीमचाचांनी ती त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकून घेतली. "नहीं हुजूर, फट जाएगा." साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. माझ्या मांडीवरच्या पुस्तकात तेच लिहिलं होतं, तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतू नये, त्याला तडा जातो. ते पान माझ्यासमोर उघडं होतं. मी बोलले नाही. मला चारचौघांत कधीच बोलता येत नसे, आणि त्या क्षणी तर माझी नजर पुढच्या ओळीवर खिळली होती: पाणी येत नसेल तर आधी लाँचच्या तळाचं पाणी ओढायचं तोंड पाहावं, काही अडकलं आहे का.

वारा सांडव्याच्या दिशेला होता आणि लाँच तिकडेच वाहत चालली होती. त्या साली पाऊस उशिरापर्यंत पडला होता आणि सांडव्यावरून अजून पाणी पडत होतं. त्याचा घुमणारा आवाज आता स्पष्ट यायला लागला. लाँच ढकलायचा बांबू तळाला टेकत नव्हता. साहेबांनी नांगर मागितला तेव्हा बाबा म्हणाले, "नांगर गोदामात आहे. सरकारी मोहोर लावून ठेवलाय, तपासणीसाठी." मोहोर लावायचा हुकूम साहेबांचाच होता. चाचांना पोहता येत होतं, पण त्यांचा उजवा खांदा आखडलेला, पाण्याखाली जाणं शक्य नव्हतं. तरी ते कुर्ता काढायला लागले. मला ते बघवेना, मी मान खाली घातली. मी कधी मनापासून प्रार्थना केली नव्हती. तेव्हाही प्रार्थना अशी झालीच नाही. देवीला मनात एवढंच म्हटलं, आई, मी चुकले, आता तूच बघ.

मी मान वर केली तेव्हा एक माणूस आमच्याकडे येत होता. काठावर शिंगाड्याच्या वेली असतात, तिथली माणसं दोन पालथे घडे बांधून त्यांच्या आधारानं शिंगाडे तोडत फिरतात. पण ती काठाजवळच राहतात, मध्यावर कुणी येत नाही. हा का आला होता ते कुणी विचारलं नाही. चाचांनी हाक मारली, "भैया, नीचे कुछ फँसा है, देखोगे?" त्यानं घडे लाँचला टेकवले आणि बुडी मारली. दोनदा रिकामा वर आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या मुठीत लाल कापड होतं. त्यानं ते पाहिलं, कपाळाला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. लाँचवर एकटीच बाई मी. "क्या निकला?" साहेबांनी विचारलं. "घास-फूस है, हुजूर," तो म्हणाला आणि ते गाठोडं त्यानं घड्यांमधल्या टोपलीत शिंगाड्यांखाली ठेवलं.

करीमचाचांनी आतली पितळी गाळणी उघडली. तिच्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. त्यांनी त्या मुठीत घेतल्या, मूठ पाण्यात बुडवून उघडली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पाइप निवेपर्यंत त्या माणसानं घडे सोडून पाण्यात पाय मारत लाँचला सांडव्यापासून बाजूला ढकलत ठेवलं. मग इंजिन सुरू झालं. मागच्या नळीतून आधी खोकल्यासारखं, मग भरभरून पाणी आलं. बाबांनी डोळे मिटले. मी त्या माणसाला काही म्हणायच्या आत तो वेलींकडे निघूनही गेला होता.

धक्क्यावर उतरल्यावर साहेबांनी उभ्याउभ्याच कागद काढला. "गाळणी साफ ठेवलेली नव्हती. वरून अरेरावी. काय म्हणणं आहे तुझं?" करीमचाचांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "हमारी चूक है, हुजूर," ते म्हणाले. मला जो धक्का बसला तो सांडव्याच्या आवाजानंही बसला नव्हता. बाबांना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला एक माणूस तलावात परत गेला होता आणि दुसरा माझ्यासाठी आपली भाकरी सोडत होता, तेही इतक्या सहज.

पुढचं थोडक्यात सांगते. साहेबांनी लिहायला घेतलेला शेरा खोडला, चाचांची नोकरी टिकली, आणि आत्याला कळल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण इतक्या वर्षांनी हे लिहिते आहे ते धक्क्यावरच्या त्या क्षणासाठी. लाँच वाचावी असं मी देवीला म्हटलं होतं. त्याच्या आड, न बोलता, आणखी एक मागितलं होतं, की मी उघडी पडू नये. तिनं दोन्ही दिलं. मग मात्र ती थांबली, पुढचं माझ्यावर सोडून. स्वाधीन होणं म्हणजे हात मांडीवर ठेवून बसणं, असं मी समजत होते. त्या दिवशी कळलं की तिच्या स्वाधीन झालेल्या माणसाला लपायला जागा उरत नाही, आणि उरत नाही हीच तिची कृपा. त्या अनोळखी माणसाचं, चाचांचं आणि तिचं ऋण मी आजही मानते. धक्क्यावर त्या क्षणी साहेबांची लेखणी कागदाला लागली होती. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"साहेब, ते लिहू नका. खाली अडकलं ते आमच्या घटाचं निर्माल्य होतं. मी टाकलं, गाठ न सोडता, तुम्ही बघाल म्हणून लाजले. आणि पाणी ओतू दिलं नाही तेही चाचांचं बरोबर होतं. पुस्तकात तसंच लिहिलंय. मी तेव्हाच वाचलं होतं."