दोन व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन

पितळेच्या नळीत फुंकर घातली की माणसाच्या सगळ्या व्याधी बऱ्या होतात, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो मैलापूरला माझा घरमालक होता. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरी लागल्यावर मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली घेतली. ते तंजावरकडचे मराठी, एका सरकारी बँडमधून ट्रॉम्बोन वाजवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तर म्हणाले, "बैसा. कॉफी जाहली का?" माझ्या आजोबांच्याही आजोबांनी वापरली असेल अशी ती मराठी, आणि चाल मात्र अस्सल तमिळ. मी बॅग हातात धरूनच बसलो.

सकाळी पूजा आटोपली की मामा उघड्या अंगाने, कपाळावर अंगारा-अक्षता लावून व्हरांड्यात बसत आणि एकेक सूर दम संपेपर्यंत लांबवत. समोरच्या कडुनिंबावरचे कावळे त्याला इतके सरावले होते की एखाद दिवशी मामा गावाला गेले तर तेच बेचैन होऊन ओरडत. मामींनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कानात जो कापूस घातला तो अजून काढला नव्हता, असं त्या स्वतःच सांगत. मला एकदा सणसणून ताप आला, तेव्हा मामा ट्रॉम्बोन घेऊन खाटेशी येऊन बसले. "खालचे सूर हाडांत जातात," म्हणाले, आणि पाऊण तास वाजवत राहिले. संध्याकाळी ताप उतरला. डॉक्टरांच्या गोळ्याही पोटात होत्या, हे मी बोललो नाही.

दर डिसेंबरात मामा एका चर्चच्या हॉलमधल्या नाताळच्या कार्यक्रमात वाजवत. त्या वाद्यवृंदात अंगारा-अक्षता लावलेले ते एकटेच. केकमध्ये अंडं असतं म्हणून आपल्या वाटणीचा केक रुमालात गुंडाळून माझ्यासाठी आणत. पण त्या कार्यक्रमाचं एक शल्य त्यांच्या मनात होतं. शेवटचं गाणं एका अतिखालच्या सुरावर संपे. ते त्याला 'खालचा बी' म्हणत. तो सूर त्यांच्या एका व्हॉल्व्हच्या ट्रॉम्बोनमधून निघतच नसे. अकरा वर्षं त्या जागी मामा गाल फुगवून, डोळे मिटून, नुसतं वाजवल्याचं सोंग करत आले होते. "देवाच्या घरी खोटं," ते म्हणत. "माझ्या देवाच्या नसेना का, देवाच्याच घरी की नाही?"

तो सूर हवा तर दोन व्हॉल्व्हचा बेस ट्रॉम्बोन हवा. नवा घेणं शक्यच नव्हतं. जुने दोन कळले. एक व्हेपरीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे, ठिकठिकाणी पोचे आलेला. दुसरा पेरंबूरला एका अँग्लो-इंडियन बाईंकडे, त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा. व्हेपरीच्या वाद्याचा दुसरा व्हॉल्व्ह पहिल्यावर अवलंबून होता, पेरंबूरच्याचे दोन्ही स्वतंत्र. यावर मामांनी शंभर पानी वही भरली. कंपनीची बस चुकेल म्हणून मी पायात बूट चढवत असे आणि मामा जिन्यात उभे राहून समजावत असत, "व्हेपरीचं एकत्र कुटुंब आहे. थोरला हलल्याशिवाय धाकट्याला हलता येत नाही. पेरंबूरचे दोघे भाऊ वेगळे राहतात. मात्र वाऱ्याला दर वेळी दोघांच्याही अंगणातून जावं लागतं. एकाचं दार सैल असलं की संपलंच. काय म्हणताव?" मी काय म्हणणार? मी कारखान्यात ब्रेकचे व्हॉल्व्ह गळतात का, ते तपासायचं काम करत होतो. एवढ्यावरून मामांनी मला या विषयातला अखेरचा शब्द ठरवून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतही होतं.

एका रविवारी आम्ही पेरंबूरला गेलो. बाईंनी लिंबाचं सरबत दिलं. मामांनी वाद्य मांडीवर घेतलं आणि पुढचे दोन तास ते कोणाचेच राहिले नाहीत. अडीचला क्रिकेटची मॅच सुरू होणार होती आणि अड्यारला मित्राकडे सगळे जमले होते. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. शेवटी मामांनी मला जवळ बोलावलं. व्हॉल्व्ह पारखायची एक साधी रीत असते: त्याची छोटी नळी बाहेर ओढायची आणि मग खटका दाबायचा. व्हॉल्व्ह घट्ट असेल तर बाटलीच्या बुचासारखा 'टप्' आवाज येतो. गळका असेल तर येत नाही. पण मामा उभा जन्म झांजांच्या पुढ्यात बसलेले. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नसे.

"तुमचे कान तरुण आहेत, आणि धंदाही हाच," ते म्हणाले. "ऐकून सांगा."

पहिला व्हॉल्व्ह टप् वाजला. दुसऱ्याची नळी ओढून त्यांनी खटका दाबला. काहीच आवाज आला नाही. हवा आधीच आत शिरली होती. मला नीट कळलं. रोज आठ तास मी तेच ऐकत होतो. नाही म्हटलं असतं तर तिथून व्हेपरी, तिथे आणखी दोन तास. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"वाजला," मी म्हणालो. "फर्स्ट क्लास आहे. घेऊन टाका."

मामांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि त्याच क्षणी वाद्य घेतलं. दुसरं कोणाला विचारलंसुद्धा नाही.

घरी तो खालचा बी चार वेळांत एकदा कसाबसा निघे. मामांनी वाद्याला कधी दोष दिला नाही. ते पहाटे गच्चीवर प्राणायाम करू लागले. मामी त्यांना दुधात खारका उकळून देऊ लागल्या. मी खिडकीतून बघत असे आणि आज सांगू, उद्या सांगू, करत बसत असे. डिसेंबर आला. मीही हॉलमध्ये गेलो. शेवटच्या गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबली, मामांनी छाती भरून घेतली, या खेपेला डोळे उघडे ठेवले, आणि त्या शांततेत फुस्स करून नुसती हवा बाहेर आली. पुढच्या रांगेतली मुलं खिदळली. परतताना रिक्षात मामा एवढंच म्हणाले, "दम गेला माझा. वय जाहलं." जानेवारीत त्यांनी वाद्यवृंदाला पत्र लिहून आपली जागा सोडली. व्हरांड्यातलं वाजवणंही बंद झालं.

मला सांगायला मार्च उजाडला. आधी 'तेल घालून आणतो' म्हणून ट्रॉम्बोन कारखान्यात नेला, दुसरा व्हॉल्व्ह मोजून घेतला. झीज इतकी होती की मोजायचीही गरज नव्हती. टूलरूममधल्या एका जुन्या कारागिराला विनवून त्यावर मुलामा चढवून घेतला, घासून घट्ट बसवला. मग एका संध्याकाळी गच्चीवर, मामी वाळलेले वडाम, म्हणजे तिकडचे तांदळाचे सांडगे, गोळा करत असताना, सगळं सांगून टाकलं. मॅचसकट.

मामांनी कान माझ्याकडे केला. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी टप् वाजलं नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही ऐकलं होतंत?"

"हो."

ते ताडकन उठले. मला वाटलं, आता मारतात. पण ते मामींकडे वळून त्यांच्या कापसातून आरपार जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "ऐकलंस का गं! माझा दम गेला नव्हता! व्हॉल्व्ह गळत होता!" मामींनी वडामाचं ताट खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. मामा हसत होते, स्वतःच्या छातीवर थापा मारत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसण्यासमोर मला मान वर करवेना.

त्यांची जागा तोवर दुसऱ्या कोणाला दिली गेली होती. ती काही परत मिळाली नाही. मामा पुन्हा व्हरांड्यात वाजवू लागले, माझ्याशी पूर्वीसारखंच बोलू लागले, सणाला जेवायला बोलवू लागले. दीड वर्षाने माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला खाली गेलो तर स्वयंपाकघरातला नळ टिपटिप गळत होता. गाडीला अजून अवकाश होता. मी बाही सरसावत म्हणालो, "मामा, पान्हा द्या, बघतो काय झालंय ते."

मामांनी माझा हात हलकेच धरला, मला खुर्चीत बसवलं आणि अगदी मायेने म्हणाले, "नको, तुम्ही कॉफी घ्या. प्लंबरला बोलावलं आहे."