शालनताईचा पावणा

शालनताई गेल्याची बातमी माझ्यापर्यंत तक्रार होऊन आली. पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी एका मूर्तीच्या हाताला पॉलिशपेपर मारत बसलो होतो. दुपार कलली होती. फोन आला तो ताईच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींचा, रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमीहून. "तुमच्या बहिणीचा कुत्रा सकाळपासून भुंकतोय. माणसांना दुपारची झोप नाय. काय तो बंदोबस्त करा." मी विचारलं, ताई कुठे आहे? म्हणाले, दार बंद आहे, गेली असेल बाजारात. मी म्हटलं, जरा बेल वाजवून बघा. तर म्हणाले, "आत कुत्रा हाय ना, कोण जाणार?" बेल बाहेर असते, कुत्रा आत असतो... पण हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. ताईचा मोबाइल नुसता वाजत राहिला. गाडीची वेळ नव्हती. मूर्ती पोचवायचा टेम्पो दारात उभा होता, तोच घेऊन निघालो.

जिन्यात पोचलो तर चारसहा जण उभे होते. कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या तोंडात तंबाखू. जादा किल्ली माझ्याकडे होती. ताई स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेली होती, परातीत कणीक तशीच वाळून गेलेली. आणि कुत्रा तिच्या डोक्याशी उभा राहून भुंकत होता. म्हणजे तोंड उघडत होता, घशातून नुसती खरखर बाहेर येत होती. डॉक्टर आले, म्हणाले काही तास झाले असतील. किती, ते मी विचारलं नाही. समोरच्या बाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आम्हाला काय म्हाईत भाऊ, आम्हाला वाटलं नुसता कुत्रा भुंकतोय."

त्या वाक्याची शिसारी मला त्या दिवशी आली, ती आज इतके आठवडे झाले तरी गेलेली नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना शब्द मऊ असावेत असं म्हणतात. पण ताईला मऊ शब्द आवडायचे नाहीत आणि मला ते सध्या येतही नाहीत.

शालनताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव रोह्याच्या आतल्या अंगाला, पावसाळ्यात भात आणि त्यावर कडवे वाल. घरात गुरं, अंगणात शेण, आणि या सगळ्यात ताई अशी, की दुसऱ्याच्या ताटावर माशी बसली तरी आपलं ताट सारून उठायची. गोठ्यात जाताना श्वास कोंडून धरायची. आई म्हणायची, "ह्या पोरीला देवानं नाक तेवढं दिलंन." लग्न होऊन ती अष्टमीला आली. भावोजी कंपनीत होते. ते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ताईने शिफ्टवाल्यांना डबे द्यायला सुरुवात केली. तिच्या डब्याचं नाव चवीमुळे झालं असं लोक म्हणतात. मला विचाराल तर ते स्वच्छतेमुळे झालं. बाजारातून आणलेली कोथिंबीर तीन पाण्यांतून निघायची. कुणी बाहेरून आलं की आधी मोरी, मग पाणी. मी सख्खा भाऊ, पण माझ्या हाताला शाडू दिसला की ती मला स्वयंपाकघराच्या दारातच थांबवायची. "आमटीत एक केस सापडला ना दिगू, की शालन संपली," असं ती म्हणायची. आणि त्या बाईने साठी उलटल्यावर कुत्रा पाळला.

तोही हौसेने नव्हे. वरच्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहायचं. साहेब कंपनीत मोठ्या जागेवर, पोरांसाठी त्यांनी लॅब्राडॉर आणलेला. पिल्लू होतं तोवर त्याचे फोटो सगळ्या बिल्डिंगला दाखवले. मग बदली झाली, सामान ट्रकने गेलं, माणसं गाडीने गेली. कुत्रा तेवढा गेला नाही. त्याला बाल्कनीत बांधून, पुढ्यात पाण्याची बादली ठेवून ती माणसं गेली. कुणीतरी येऊन घेऊन जाईल, असं शेजारी सांगून गेली होती म्हणे. कुणी आलं नाही. ताईला कळलं ते वासाने. वास कुठून येतोय म्हणून ती भांडायलाच वर गेली, घरमालकाला फोन करून दार उघडायला लावलं, आणि बाल्कनीत जे दिसलं ते तिने मला नंतर एकदाच सांगितलं. स्वतःच्या घाणीत बसलेला, दोरीने मान सोललेली, कानांत गोचिडी द्राक्षांसारख्या लटकलेल्या. घरमालक नाक दाबून जिन्यात पळाला. ताई तिथेच कठड्याला धरून ओकली. ओकून झालं, तोंड धुतलं, खाली येऊन फिनेल आणि खराटा घेतला आणि परत वर गेली.

मला तिचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "दिगू, घरात एक पावणा आलाय," म्हणाली. "चार दिवसांचा हाय. कुणीतरी नेईल." कुणी नेलं नाही. तेच त्याचं नाव पडलं, पावणा.

पहिले काही महिने तिचे जे हाल झाले ते मी लांबूनच पाहिले, कारण मला कुत्र्यांची मनापासून किळस आहे. आमच्यात कुणीच कधी कुत्रं घरात घेतलं नव्हतं. गावचं कुत्रं अंगणात, उष्टं खाणार आणि लाथ खाणार. ताईला काहीच माहीत नव्हतं. तिने त्याला वरण-भात घातला, त्याने तो दिवाणावर ओकून ठेवला. दूध दिलं, त्याला ढाळ लागली. तिने त्याला डेटॉलने आंघोळ घातली, त्याची कातडी लाल झाली. सरकारी गुरांच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "मावशी, म्हैस कुठाय?" पण माणूस भला होता, त्याने गोचिडी कशा काढायच्या ते दाखवलं. ताई हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून एकेक गोचीड चिमट्याने काढायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची, आणि मधेच उठून मोरीत जाऊन कोरड्या ओकाऱ्या काढून यायची. पावणा तोवर मान पुढे करून तसाच बसलेला असायचा.

त्याने भावोजींची जपून ठेवलेली चप्पल चावली. तिचं जपाचं आसन फाडलं. पावसाळ्यात त्याच्या अंगाचा ओल्या गोणपाटासारखा वास साऱ्या घरात भरायचा. आणि केस! ओट्यावर, पोळपाटावर, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या अंगावर. शेवटी ज्याची भीती होती ते झालंच. एका डब्यात केस निघाला. दोन-तीन गिऱ्हाइकं सुटली, मग आणखी काही. मी म्हटलं, "ताई, सोड त्याला आता. तुझी चूल बंद होईल." ती म्हणाली, "मलापण घाण वाटते रे. रोज वाटते. पण त्या लोकांनापण वाटलीच असंल ना घाण? म्हणून तर गेले ना टाकून." पुढे तिने स्वयंपाकघराला कमरेएवढं दार बसवून घेतलं, डोक्याला फडकं बांधायला लागली, आणि उरल्या डब्यांवर भागवलं. ते दार पावण्याने ओलांडलं ते तिच्या शेवटच्या दिवशीच.

आनंद कुठे होता म्हणाल, तर तो मला फोनवर ऐकू यायचा. ज्या बाईने आयुष्यात शौच हा शब्द मोठ्याने उच्चारला नव्हता, ती मला जेवणाच्या वेळेला हर्षाने सांगायची, "आज घट्ट झाली हो!" माझा घास तोंडात फिरायचा. सकाळी ती त्याला कुंडलिकेच्या काठाने फिरायला न्यायची, हातात जुना पेपर आणि पिशवी. रोह्यात कुत्र्याची घाण उचलणारी ती पहिली बाई असावी. पोरं हसायची. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, "काय गो शालन, म्हातारपणी हे काय गू काढतेस?" ती म्हणायची, "तुमच्यासारखं रस्त्यावर ठेवून जात नाय, एवढंच." इतकी वर्षं नदीकाठी राहून ती कधी नदीवर नुसती गेली नव्हती. आता तिला कुठल्या वळणावर खंड्या बसतो ते ठाऊक झालं होतं. एकदा मी गेलो तेव्हा ती भिजवलेले वाल सोलत बसली होती, पाय पसरून, आणि पावण्याने तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवलेली. लाळेने लुगडं भिजलेलं. मी तोंड फिरवलं. ती हसून म्हणाली, "बघू नको. मीपण बघत नाय."

बिल्डिंगला मात्र तो खुपत राहिला. लिफ्ट नाही, जिना एकच. त्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्याला पिचकाऱ्या, गच्चीवरून खाली टाकलेली पोरांची डायपरं मागच्या गटारात तुंबलेली, आणि सभा भरायची ती पावण्याच्या केसांवर. ताईने एकदा सभेतच विचारलं, "जिन्यातलं लाल कुत्र्यानं थुंकलंय का?" त्यानंतर तिच्याशी बोलणं बंद झालं. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज तिच्या कुत्र्याबद्दल लिहून यायचं. शेवटच्या दिवशीही सकाळपासून लिहून येत होतं. सेक्रेटरींनीच मला ते फोन पुढे करून दाखवलं, आपली बाजू खरी म्हणून. कुत्रा फार भुंकतोय... अजून भुंकतोय... कुणीतरी सांगा... खाली हात जोडल्याची चित्रं. तो इतकं ओरडून काय सांगतोय, हा प्रश्न त्या साऱ्या बिल्डिंगमध्ये एकालाही पडला नाही.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो होतो. ते दिवस मी आणि माझी बायको ताईच्याच घरात राहिलो. पावणा स्वयंपाकघराच्या त्या बुटक्या दारापाशी पडून असायचा, खात नव्हता. बायको त्याला भाकरी मोडून घालायची, मी लांबून बघायचो. नदीवरून परत आलो तर दारापाशी कोणी नाही. त्याची थाळी कचऱ्याच्या डब्यात. माझा चुलतभाऊ मधू गाडीची किल्ली बोटात फिरवत बसला होता. "सोडून आलो," म्हणाला. "खांब गावच्या पुढं, हायवेला. हॉटेलं हायत तिथं, खाईल कायतरी. मयताच्या घरात कुत्रं बरं दिसत नाय. आणि तुला तरी कुठं आवडतो?" पानं मांडलेली होती, सेक्रेटरी माझ्या शेजारच्याच पानावर बसले होते. म्हणाले, "झालं ते बरंच झालं. सगळ्यांचीच सुटका." आणि पानात आणखी वडा वाढून घेतला. ताईच्या दहाव्याचं जेवण ते... मी पानावरून उठलो.

टेम्पो काढला. बायको शेजारी येऊन बसली. कोलाडवरून हायवेला लागलो, खांब ओलांडलं. प्रत्येक हॉटेलाशी थांबून विचारायचो. एका हॉटेलाच्या मागे खरकटं टाकायचा खड्डा होता, तिथला पोऱ्या म्हणाला, "एक पिवळा हाय, पण तो खात नाय, नुसता गाड्या बघतो." तो खड्ड्याच्या काठावर बसला होता. तिथल्या कुत्र्यांनी त्याला फाडला होता, मागच्या मांडीचं मांस दिसत होतं, त्यावर माश्या. अंगभर आंबलेलं तेल आणि कसलंतरी काळं पाणी. मी हाक मारली, "पावण्या." तो उठला. गाडीत त्याला उचलून कोण घेणार, हा प्रश्न होता. मी घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुत्रा उचलला, तोही असा. त्याला आम्हा दोघांच्या मधे बसवला, आणि पुढच्याच वळणावर तो माझ्या मांडीवर ओकला. मी टेम्पो बाजूला लावून रस्त्याच्या कडेला ओकलो. मग बायकोने टेम्पोतली मूर्ती पुसायची फडकी काढली आणि आम्ही दोघांनी मिळून सगळं निपटलं. रोह्याला परत वळलोच नाही. सरळ पेणला आलो.

जखम भरायला वेळ लागला. दिवसा तो कारखान्यात असतो, मूर्तींच्या रांगांमधून शेपटी सांभाळत हिंडतो. मधूशी मी बोलत नाही. सेक्रेटरींचा फोन आला तर उचलत नाही. लोक म्हणतात, दिगूभाऊ, एवढ्याशावरून माणसं तोडू नयेत.

कारखान्यामागेच आमचं घर. पावणा चालायला लागला त्या पहिल्या संध्याकाळी मी त्याला घरात बोलावलं, तर तो उंबऱ्याशी थांबला. पाय शाडूने माखलेले. मी पुन्हा बोलावलं, तो येईना. मग त्याने पुढचा उजवा पाय उचलला आणि हवेत धरून राहिला. मला वाटलं, दुखतोय. बायको दारात येऊन बघत राहिली, आणि म्हणाली, "अहो, पाय पुसायचेत त्याचे." मी फडकं ओलं करून तो पाय पुसला. त्याने डावा पुढे केला. मग वळून पाठमोरा उभा राहिला आणि मागचे एकेक करून दिले. चारही झाल्यावर आत आला. ताईने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

आता रोज संध्याकाळी हे चालतं. मला कुत्र्यांची किळस अजूनही आहे. नखांतला चिखल, बोटांमधला तो आंबूस वास, सगळ्याची आहे. मी तोंड फिरवून पुसतो. पण बोटांच्या मधे जरा जरी शाडू राहिला, तर तो आत येत नाही, तोच पाय पुन्हा पुढे करतो... आणि मला परत पुसावा लागतो.