सुधाकरकाकांचा हात आणि इंकांची वाट

सुधाकरकाका मारतात कसे, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. शिवी नाही, धमकी नाही. नाकातून फक्त एक "हं" येतो, पार्सल ऑफिसात गोणी आदळावी तसा, आणि तो "हं" संपायच्या आत समोरचा खाली बसलेला असतो. देवास गेटवर एका रिक्षावाल्याचा दात असाच गेला. रेल्वेतल्या त्यांच्याच साहेबाचा चष्मा असाच. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं, तेव्हा तर दोन भाऊ एकदम. ते दोघे अजून काकांना "पाय लागू, दादा" करतात. त्यांची नक्कल करताना मी जबडा जरा डावीकडे ठेवते, कारण थोरल्याचा तसाच जुळलाय.

घरात हा हात खाल्ला तो मंदारदादानं, काकांच्या एकुलत्या एक मुलानं. बारावीत असताना तो न विचारता मित्रांबरोबर पचमढीला डोंगर चढायला गेला. परत आला तर काका दारातच, हातात दांडकं. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडी आहेत. दादा पुण्याला गेला तो गेलाच. मानसीशी लग्न झालं, अपूर्व झाला, सात वर्षांचा झाला. पण काकांनी नातू पाहिला तो लग्नामुंजीत, लांबून. मध्ये कायम दादा उभा.

मागच्या वर्षी काकांनी फोन केला. "अपूर्वला सुट्टीत पाठव."

दादा बँकेतल्या रेकॉर्डेड बाईसारखा बोलतो, चढ नाही, उतार नाही. "पाठवतो. पण आधी माझ्याबरोबर चला. पेरू देशात, इंका राजांच्या पडक्या शहरापर्यंत. चार दिवस डोंगरातून पायी. चार दिवसांत तुमचा हात कुणावरही उठला नाही, तर अपूर्व अख्खा मे तुमचा. एकदा जरी उठला, तर विषय संपला."

"पायी चालण्याचं मला काय सांगतो बे? पंचक्रोशी केलीय मी! वैशाखात, अनवाणी!"

आमच्याकडे पंचक्रोशीच्या पायी यात्रेला निघताना पटनी बाजारात नागचंद्रेश्वराला नारळ देऊन बळ उसनं घेतात, आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते फेडतात. काका पेरूला निघतानाही तिथे गेले. पुजाऱ्याला म्हणाले, "पंडितजी, पैरों का देना। हाथों का तो पहले से ही ज़्यादा है।"

पहिल्याच दिवशी वाटेत एका उंच गोऱ्यानं त्यांच्या नडगीवर दोनदा काठी आपटली. माफी नाही, काही नाही. "हं" आला. हात वर गेला. दादा मागून बघतोय. हात कानापर्यंत पोचला, थांबला आणि कान खाजवू लागला.

मग तीच रीत पडली. ओझं घेऊन पळणारा हमाल "बाजूला व्हा" म्हणून ओरडला, की कान. गाईड हळू चाला म्हणाला, की कान. दुसऱ्या दिवसापर्यंत कान टोमॅटो झाला होता.

पण अट हाताची होती, जिभेची नव्हती. दादाला उंची बाधली. डोकं फुटत होतं, वाटेत दोनदा ओकला. सगळ्यात उंच खिंडीला तिकडे मेलेल्या बाईची खिंड म्हणतात. काका वर पोचून तिथून ओरडले, "अरे, मेलेली बाई पण पुढे निघून गेली! तू कुठे मेलास?" उतरताना, "चला लाटसाहेब!" पुन्हा चढ लागला, "तुझ्याऐवजी अपूर्वला आणायला हवं होतं, खांद्यावर घेऊन गेलो असतो!"

त्या चढावर एक गोल पडकी गढी आहे, इंकांचीच, वर छप्पर नाही. पाऊस लागला होता. दादा भिंतीला टेकून बसला, हातमोजा काढला आणि ती दोन बोटं चोळू लागला. थंडीनं बधिर झाली होती. काकांनी ते पाहिलं. त्यांना दुसरंच काही बोलायचं होतं, असं ते आता म्हणतात. निघालं ते असं:

"मोडली म्हणून सुधारलास. नाहीतर आज इथे असतास का?"

"हं" आला. दादाच्या नाकातून. काका स्वतः करून दाखवतात, "अगदी माझा! हं!" आणि तो संपायच्या आत काकांचं नाक मोडलं होतं. मग काठी. खांद्यावर, पाठीवर, गुडघ्यावर. काठी तुटली तशी मूठ. काका उताणे पडले, दादा छातीवर बसला, एका ठोशात दात उडाला, दुसऱ्यात ओठ फाटला. भिंतीच्या दगडांवर रक्त. गाईड आधी दगडांकडे बघून किंचाळला, मग काकांकडे बघून. हमालांनी ओझी टाकली, तिघांनी मिळून ओढला तेव्हा कुठे दादा सुटला.

आणि काकांचे हात? स्वतःच्याच पाठीखाली दाबलेले. "सुटले असते ना, तर पोरगा मेला असता."

शेवटच्या सकाळी ते दोघे वरच्या दगडी दारापाशी पोचले. खाली धुक्यात ते शहर, ज्याच्यासाठी जग येतं. काकांनी नाकातला कापूस सारखा केला, क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "अपूर्व कधी येतोय?"

"एक मेला," दादा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

दादाच घेऊन आला त्याला. काकांचा घोडा तोवर बाकीच होता. नातवाच्या हातून वाहायचा, असा हट्ट. भर उन्हात आम्ही चौघं पटनी बाजारात. अपूर्वनं मातीचा घोडा दोन्ही हातांनी धरलेला, काका सांगतायत, "संभाळून राजा, हळू," आणि देवळाच्या पायरीवर त्याचा पाय अडखळला. घोडा पडला. मान वेगळी झाली.

अपूर्व रडला नाही. दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन पायरीवर घडी घालावी तसा बसला. झटकन, सवयीनं. आणि तोंड काकांकडे नव्हतं.

"नाही पप्पा, नाही पप्पा, चुकून!"

दादाचा हात खरंच वर होता.

काकांनी तो हात पाहिला. मग ती कोपरं पाहिली. "हं" आला, आणि मी डोळे मिटून घेतले. आवाज झाला नाही म्हणून उघडले. काकांचा हात कानापाशी थांबला होता.

"मंदार," ते पडलेल्या दाताच्या फटीतून हवा सोडत म्हणाले, "कान खाजव."

"बाबा, मी फक्त..."

"खाजव म्हणतोय ना."

दादानं खाजवला. वाकड्या बोटांनी. रस्त्यात उभा राहून, बराच वेळ.

"मानसीला फोन लाव. सांग, महिनाभर तू पण इथेच. अट तीच." मग काका खाली वाकले, अपूर्वची कोपरं एकेक करून डोक्यावरून खाली घेतली. "चल राजा, दुसरा घोडा आणू."

दुकानापाशी जाऊन अपूर्वनं वळून विचारलं, "आजोबा, एकच ना?"

काकांनी मागे पाहिलं. दादा अजून कानाला हात लावून उभा होता.

"दोन घे," काका म्हणाले.