रंगाचं टेबल

महाप्याच्या हिऱ्यांच्या कारखान्यात मला घेतलं ते चिठ्ठ्या लिहायला. अक्षर बरं होतं, बारावी कॉमर्स झालं होतं, आणि घणसोली गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीपासून कारखाना चालत जाण्यासारखा होता. तयार झालेला हिरा एका दुमडलेल्या कागदात ठेवतात, त्याला पुडी म्हणतात. पुडीवर चार गोष्टी लिहायच्या. वजन, रंग, आत डाग किती आणि पैलू कसे पाडलेत ते. वजन काटा सांगायचा. बाकीचं भाई सांगायचे आणि मी लिहायची.

भाई म्हणजे हिऱ्यांची प्रत ठरवणाऱ्या टेबलाचे मुख्य. मूळचे काठियावाडचे, साठीला आलेले, चाळीस वर्षं हिरा बघण्यात गेलेली. शेठसुद्धा त्यांना भाईच म्हणायचे. उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती, कारण हिऱ्याचा रंग बघायला थेट ऊन चालत नाही, उत्तरेकडचा शांत उजेड लागतो. त्या टेबलावर पाच पुरुष बसायचे. बाई एकही नाही.

वर्षभर लिहिल्यावर मी एके दिवशी भाईंना म्हटलं, "मला बघायला शिकायचंय."

त्यांनी पांढऱ्या कार्डाची घडी घातली आणि तिच्या खोबणीत पाच हिरे ओळीनं ठेवले. "बोल. यातला पिवळा कोण?"

मी वाकून पाहिलं. मला पाचही सारखेच वाटले. "सगळे पांढरेच आहेत, भाई."

"मग तू चिठ्ठ्याच लिही, बेटा," ते म्हणाले आणि हिरे उचलले.

मला राग आला तो त्यांचा नाही, माझ्या डोळ्यांचा. त्यांना जे दिसतं ते मला का दिसू नये? दुसऱ्या दिवसापासून मी कामाच्या अर्धा तास आधी जाऊ लागले. भाईही लवकर यायचे. मी शेजारी स्टूल ओढून बसायची. पहिले चार दिवस त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पाचव्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "हिरा सामनेसे नाही बघायचा. समोरून तो चमकतो आणि फसवतो. त्याला पालथा घाल. पाठ बघ."

त्यांनी एक हिरा पालथा ठेवला आणि त्यावर हलकेच श्वास सोडला. वाफेनं त्याची सगळी चमक विझली आणि दोन क्षण मला त्याचा खरा रंग दिसला. अगदी पातळ, ताकाच्या निवळीसारखा. मग वाफ उडाली, चमक परत आली आणि रंग गेला.

"दिसला!" मी ओरडलेच.

"दोन सेकंद भेटतात," भाई म्हणाले. "तेवढ्यात ठरवायचं."

घरी मी तांदळावर सराव करायची. आप्पा तुर्भ्याच्या दाणा मार्केटमध्ये माथाडी होते. त्यांना सांगून जुन्या पिवळसर आणि नव्या पांढऱ्या तांदळाची मूठ-मूठ आणवली. ती मिसळून, सुट्टीच्या दिवशी दारात कागद पसरून, दाणा दाणा वेगळा करत बसायची. आप्पा जाता-येता वाकून बघायचे आणि चुकलेला दाणा बोटानं बाजूला सारायचे.

महिनाभरानं जरा जमायला लागलं होतं, पण एका सकाळी माझा प्रत्येक हिरा रंगात एकेक पायरी खाली, पिवळ्याकडे गेला. भाईंनी हिऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हळदी रंगाचा पंजाबी ड्रेस घातला होता.

"हे हिरे तुझा ड्रेस दाखवतायत," ते म्हणाले. "या टेबलावर बसायचं तर पांढरं घालायचं. बांगडी नाही, नेलपॉलिश नाही."

मी वाशीहून पांढरं कापड आणलं, दोन साधे ड्रेस शिवून घेतले. पहिल्या दिवशी ते घालून, हातातल्या हिरव्या बांगड्या काढून निघाले, तर आई दारात आडवी उभी राहिली. आम्ही साताऱ्याकडचे. आईला पांढरं कापड म्हणजे एकच गोष्ट ठाऊक.

"अगं, लगीन व्हायचं हाय अजून तुझं," ती म्हणाली. "पांढरी कापडं न् मोकळं हात. गावाकडनं कुनी आलं तर म्या काय सांगू?"

"कामासाठी आहे आई."

"असलं कसलं काम? न्हाय जायचं."

"मी जाणार," मी म्हणाले. आईला असं सरळ उत्तर मी त्याआधी कधी दिलं नव्हतं.

आमची घरमालकीण शेजारच्या ओट्यावर मासे साफ करत होती. तिचं माहेर दिवाळे गावच्या कोळीवाड्यातलं. तिला आम्ही आजी म्हणायचो. विळीवरचा हात न थांबवता ती आईला म्हणाली, "नर्सबाय नाय घालीत पांढरा? तिला कोन काय बोलतं? कामाचा कापरा हाय तो. जाऊंदे पोरीला."

आई बाजूला झाली, पण बांगड्या माझ्या हातात कोंबून म्हणाली, "तितं काढ. हितनं घालून जायचं." ते मी मान्य केलं. रोज कंपनीच्या गेटवर बांगड्या काढून रुमालात बांधायच्या आणि सुटल्यावर गेटवरच चढवायच्या. वॉचमनला ते इतकं सवयीचं झालं, की एकदा मी विसरून तशीच निघाले तर त्यानंच हाक मारली.

सहा महिन्यांनी भाईंनी पन्नास हिरे दिले. ते त्यांनी आधी बघून ठेवले होते. मी बघून माझा कागद त्यांच्या कागदाशेजारी ठेवला. चार ठिकाणी फरक पडला. ते मला शेठच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

"हिला टेबलावर बसवा."

शेठनी पेन खाली ठेवलं. "भाई, एक डोळा तयार व्हायला दोन वर्षं जातात. पोरी लग्न करून जातात. मग?"

"लग्न झालं तरी डोळे माझेच राहतील, शेठ," मी म्हणाले.

भाई खोकले. शेठ पेन परत उचलत म्हणाले, "बस. पण तक्रार आली तर परत चिठ्ठ्या."

तक्रार चारच महिन्यांत आली. शेठ स्वतः टेबलापाशी आले, हातात दहा-बारा पुड्या. परदेशच्या गिऱ्हाइकानं परत पाठवल्या होत्या. लिहिलाय त्यापेक्षा रंग खाली आहे, असं त्याचं म्हणणं. "इतक्या वर्षांत असं झालं नाही," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. "नवीन मुलगी बसवल्यापासून हे चालू झालंय."

पुड्यांवर अक्षर माझंच होतं, कारण चिठ्ठ्या अजूनही मीच लिहायची. पण त्या पुड्यांचा रंग मी ठरवला नव्हता. तो भाईंनी ठरवला होता. मी भाईंकडे पाहिलं. ते चिमटा पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले.

खरं म्हणजे मला दोन महिने शंका होती. फिक्या पिवळ्या हिऱ्याला भाई हल्ली पांढरा म्हणायला लागले होते. आधी वाटलं माझंच चुकतंय. मग मी शांतपणे नोंद ठेवली, माझा रंग काय, त्यांचा काय. फरक नेहमी एकाच बाजूला पडायचा. शिवाय ते दिवा पुढे ओढायचे, भिंगाची काच पुन्हा पुन्हा पुसायचे, खिडकीतून समोरचा पत्रा चमकला की तोंड फिरवायचे.

शेठसमोर मी एवढंच म्हणाले, "मला आठ दिवस द्या." 

पुढचे दोन दिवस मी भाईंशी कामापुरतंही नीट बोलले नाही. ज्यांनी मला शिकवलं त्यांना चारचौघांत उघडं पाडायचं माझ्याच्यानं झालं नसतं. पण परत चिठ्ठ्या लिहायला जायचीही माझी तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे घेऊन खाली गेले, तेव्हा मी नमुन्याच्या हिऱ्यांची डबी काढली. त्यात सात हिरे असतात. एकापेक्षा एक किंचित पिवळा, क्रम पक्का ठरलेला. इतर सगळे हिरे त्यांच्याशी ताडून बघतात. मी ते कार्डावर मिसळून ठेवले.

"भाई, एकदा लावून द्याल?"

त्यांना कळलं. तरी त्यांनी चिमटा उचलला. पहिले दोन बरोबर लागले. मग पाचवा आधी, चौथा नंतर. सहावा त्यांनी तिसऱ्याच्या जागी ठेवला.

"परत मिसळ," ते म्हणाले.

मी मिसळले. पुन्हा चुकलं, आणि या वेळी दुसऱ्याच ठिकाणी.

चिमटा ठेवून ते खुर्चीत मागे टेकले. "कधी समजलं तुला?"

"दोन महिने झाले."

"मला चार," ते म्हणाले. "डॉक्टर बोलला, मोतीबिंदू आहे. सगळं जग पिवळ्या काचेतून बघतोय मी. मग पिवळा कसा दिसणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? रंग नाही दिसत म्हणून सांगितलं की खुर्ची गेली. दुसरं काय येतं मला?"

माझा आवाज चढला. "आणि माझं काय, भाई? माझी खुर्ची तर आत्ताच लागली होती."

त्यांनी खाली पाहिलं. जेवणाचा डबा उघडला होता तो तसाच झाकला, उठले, आणि शर्ट सारखा करून शेठच्या केबिनकडे चालू लागले. काचेतून मला दिसत होतं. शेठ बसा म्हणून खूण करत होते आणि भाई उभेच होते. दहा मिनिटांनी बाहेर आले. डोळे ओले होते, पण चाल नेहमीची.

"चल, कपाटातल्या सगळ्या पुड्या काढ," ते म्हणाले. "चार महिन्यांचा जेवढा माल बाकी आहे तेवढा परत बघायचा."

तो माल बघायला आम्हाला नऊ दिवस लागले. खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांनी मला बसवलं. मी रंग सांगायची आणि ते माझ्या स्टुलावर बसून पुड्यांवर लिहायचे. त्यांचं देवनागरी अक्षर भयंकर होतं. एका पुडीवरचा आकडा मलाच दोनदा विचारावा लागला. "तुझ्यासारखं नाही येत," ते म्हणाले आणि मग आम्ही दोघंही हसलो. तक्रार आल्यापासून आम्ही हसलो नव्हतो. शेठ एकदा येऊन मागे उभे राहिले आणि निघून गेले. माझी माफी त्यांनी मागितली नाही. मला मात्र परत चिठ्ठ्यांवर पाठवायचं नाव कधी काढलं नाही.

भाईंचं ऑपरेशन पनवेलला झालं, एकाच डोळ्याचं. दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून पिकला नव्हता. मी बघायला निघाले तर आई म्हणाली, "थांब, म्याबी येते." तिनं मऊ भाताचा डबा केला. खाटेपाशी बसून तिनं भाईंना विचारलं, "हिला जमतंय का नीट?" भाई म्हणाले, "ताई, माझ्यापेक्षा चांगलं." आईनं पदर सारखा केला आणि येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली.

महिन्यानं ते कामावर आले. आल्या आल्या नमुन्याची डबी मागितली. चौथा हिरा पालथा ठेवून त्यांनी आधी एक डोळा मिटला, मग दुसरा.

"या नव्या डोळ्यानं पांढरा," ते म्हणाले. "या जुन्या डोळ्यानं पिवळा. दोन माणसं बसलीत माझ्यात, आणि दोघांचं पटत नाही." मग माझ्याकडे वळले. "रंग तू बघ. पैलू आणि डाग मी बघतो. पैलूंचे कोन ओळखायला माझा डोळा अजून चालतो."

मला वाटलं ते मन राखायला बोलतायत. तसं नव्हतं, हे त्याच आठवड्यात कळलं. एक हिरा मला फार आवडला होता. रंग वरचा, डाग नाही, आणि वजनाच्या मानानं आकार चांगला मोठा. पैलूंचा रकाना भाईंचा, तरी मी उत्साहात तोही भरला. 'उत्तम' लिहिलं. भाईंनी हिरा उचलला, काच लावली, किंचित तिरका केला आणि माझ्यापुढे धरला.

"वरून आत बघ. काय दिसतं?"

मी पाहिलं. मधोमध राखाडी गोल कडं होतं.

"माशाचा डोळा म्हणतात याला," ते म्हणाले. "कारागिरानं वजन वाचवायला पोट उथळ ठेवलं. म्हणून वरून मोठा दिसतो, पण उजेड आत थांबत नाही, खालून निघून जातो. रंगात रंगून गेलीस तू."

"पण भाई, किती सुंदर दिसतोय!"

"दिसणारच. तेवढ्यासाठीच तसा घासलाय."

मी वाद घातला. त्यांनी त्याच वजनाचा नीट पैलू पाडलेला दुसरा हिरा काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि स्वतः पुढची पुडी उघडली. जरा वेळानं मलाच दिसलं. दुसरा लहान होता, पण जिवंत होता. पहिला त्याच्या शेजारी आंधळा वाटायला लागला.

"खोड," भाई म्हणाले.

मी 'उत्तम' खोडलं आणि त्यांनी सांगितलं ते लिहिलं. मग वजन घटलं तरी तो हिरा पुन्हा घासायला पाठवाच, म्हणून शेठशी भांडायला आम्ही दोघं उठलो.